गर्भारणीचे दोन तास कोणी खाल्ले?

सरकारी छापखान्यातून बाहेर पडणाऱ्या कागदांत शहाणे कागद फार थोडे. त्यातला एक महाराष्ट्रातल्या गरोदर बाईच्या हाती दिला जातो. त्याचे नाव माता-बाल संरक्षण कार्ड. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लसीच्या तारखा अशा चौकटींच्या गर्दीत त्यावर एक साधी सूचना असते: गर्भवतीने रात्री आठ तास झोपावे आणि त्याखेरीज दिवसा किमान दोन तास विसावा घ्यावा. छापणाऱ्याने आपले काम केले. आशाताईने उंबऱ्यावर बसून ते वाचून दाखवले, तिनेही आपले काम केले. पुढे ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जाते, पिशवी खिळ्याला लागते, आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला ती त्याच खिळ्याखाली बसून दिवसातून तिसऱ्यांदा भांडी घासत असते. आमचा सवाल त्या दोन तासांचा आहे. ते कोणी खाल्ले?

उत्तर अवघड नाही, म्हणूनच ते कोणी देत नाही. थोडे नवऱ्याने खाल्ले, थोडे सासरने, बरेचसे मालकाने आणि मुकादमाने. आणि उरलेसुरले त्या सरकारने, ज्याने सूचना छापली पण विसाव्याचा खर्च कोणी उचलायचा याचा हिशेब छापला नाही. या सर्वांनी मिळून लुटले, आणि लुटलेल्या बाईलाच वर शहाणपणाचे डोस पाजले जातात. गरोदरपणातल्या थकव्यावर सल्ला देणाऱ्यांचा या देशात कधी दुष्काळ पडला नाही. खजूर खा, प्राणायाम कर, मन प्रसन्न ठेव, गर्भसंस्काराच्या ध्वनिफिती लाव, आणि थकवा यायचाच गं, सगळ्यांनाच येतो. सारे सल्ले तिला एकटीला! पिठाच्या डब्याला तू हात लाव, असे तिच्या नवऱ्याला सांगणारी ध्वनिफीत अजून कोणी काढलेली आम्ही ऐकली नाही.

आधी शरीर काय म्हणते ते ऐकू. पहिल्या तीन महिन्यांत बाहेरून काहीच दिसत नाही. पोट सपाट, चाल तीच, म्हणून घरातल्यांना प्रश्न पडतो की हिला धाड काय भरली, दिवेलागणीलाच पेंगते! प्रत्यक्षात त्याच महिन्यांत आत सर्वांत अवघड काम चाललेले असते. प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक झपाट्याने वाढते आणि डोळ्यांवर झापड आणते. वार तयार होत असते. त्यात कोरड्या उमाळ्या आणि ओकाऱ्या, म्हणजे खर्च वाढलेला आणि आवक बंद. अंगातले रक्त वाढू लागते. शेवटच्या महिन्यांपर्यंत ते 40 ते 50 टक्क्यांनी वाढलेले असते. हृदय दर मिनिटाला पूर्वीपेक्षा 30 ते 50 टक्के जास्त रक्त फेकते. हे काम बाई आडवी झाली म्हणून थांबत नाही. ती भाकरी थापत असते, लोकलमध्ये दांडीला लोंबकळत असते, कापसाच्या ओळीत वाकलेली असते, तेव्हा आतली ही पाळी चालूच असते. चौथ्या-पाचव्या महिन्यात बऱ्याचजणींना जरा हुशारी वाटते. सातव्यानंतर पोटाचा भार, कंबर, पायांची सूज आणि रात्रीतून चार वेळा लघवीला उठणे यांच्यामुळे थकवा पुन्हा घर करतो. हा आळस नव्हे, नखरा नव्हे, पहिलटकरणीचे लाड तर नव्हेतच. ही शरीराची मागणी आहे आणि ती भागवायची असते. तिच्याशी दात-ओठ खाऊन झुंजायला शिकवणारी घरे ज्याला सोशिकपणा म्हणतात, ते आम्हाला क्रौर्य वाटते.

हा झाला निसर्गाचा थकवा. दुसरा थकवा आम्ही माणसांनी तिच्यावर लादला आहे आणि तो रक्तात मोजता येतो. एका गरोदरपणाला सुमारे एक हजार मिलिग्रॅम लोह लागते. बाळ आणि वार त्यातले सुमारे 300 घेतात, आईचे वाढते रक्त सुमारे 500 घेते, बाकीचे शरीराच्या रोजच्या झिजेत जाते. आता पाहा, ही मागणी आम्ही कोणाच्या शरीराकडे करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019-21 मध्ये झाली. तीत देशातल्या 52.2 टक्के गर्भवती रक्तक्षयी निघाल्या, म्हणजे त्यांचे हिमोग्लोबिन 11 च्या खाली होते. आधीच्या फेरीत हा आकडा 50.4 होता. महाराष्ट्रात तो 49.3 वरून 45.7 वर उतरला. लगेच पाठ थोपटून घ्यायला हात वर नेऊ नका! त्याच महाराष्ट्रात, त्याच सर्वेक्षणात, 15 ते 49 वयाच्या सगळ्या बायकांमधला रक्तक्षय 48 टक्क्यांवरून 54.2 टक्क्यांवर चढला आहे. उद्या जिला दिवस जाणार ती आजच रक्ताने कंगाल आहे. नवव्या महिन्यात धाप लागते तिची सुरुवात माहेरच्या ताटात झालेली असते, जिथे भावाला अंडे आणि तिला त्या अंड्याचा रस्सा वाढला जातो.

सरकारी उपाय आहे आणि तो चांगला आहे. चौथ्या महिन्यापासून रोज एक रक्तवाढीची गोळी, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक आम्ल, किंमत शून्य. पण देशात गरोदरपणी 180 दिवस गोळी घेणाऱ्या बायका होत्या 26 टक्के. बाकीच्यांनी का टाकल्या? मळमळले, पोट गच्च झाले, शौचाला काळे झाले म्हणून घाबरल्या. कुठे सासूने सांगितले की गोळीने मूल काळे होते. कुठे आरोग्य केंद्रातल्या गोळ्याच संपल्या. शौच काळे होणे हा लोहाचा साधा परिणाम आहे आणि बाळाच्या रंगाशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे सांगायला अर्धे मिनिट पुरते. ते अर्धे मिनिट ज्या डॉक्टरला मिळत नाही, त्याला लांबलचक सोनोग्राफी लिहून द्यायला मात्र सवड मिळते!

आता घरात शिरू, कारण खरा दरोडा तिथे पडतो. केंद्र सरकारने 2019 मध्ये लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. घरच्या बिनपगारी कामाला बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटे जात होती आणि पुरुषांची 97. पण हा 97 चा आकडाही पुरुषांची लाज राखणारा आहे, कारण त्या दिवशी घरकामाला ज्यांनी हात तरी लावला अशांचीच ती सरासरी. हात लावणारे पुरुष शंभरात 26 होते. उरलेले 74 काय करत होते हे सांगायला पाहणीची गरज नाही. 2024 च्या फेरीत बायकांची 289 मिनिटे झाली आणि पुरुषांची 88. म्हणजे पाच वर्षांत, मधल्या काळात करोनाने सगळ्यांना घरात कोंडूनही, आमचा पुरुष नऊ मिनिटांनी मागे सरकला. बायको गरोदर असली की या 289 मिनिटांतले किती कमी होतात? बहुतेक घरांत एकही नाही. उलट पाहुणे वाढतात, कारण सून गरोदर आहे हे कळल्यावर बघायला येणाऱ्यांचा चहाही तीच टाकते.

आणि मग सातव्या महिन्यात आम्ही डोहाळेजेवण करतो. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा, हाती धनुष्यबाण. बायका ओटी भरतात, दोन वाट्या झाकून पेढा निघतो की बर्फी ते पाहतात, आणि पेढा निघाला की ज्या जोराने टाळ्या पडतात त्या जोराने बर्फीला पडत नाहीत हे कोणीच बोलून दाखवत नाही. आमचा या सोहळ्याला विरोध नाही. गरोदर बाईचे एका दिवसाचे कौतुक करणारा समाज अगदीच दगड नसतो. पण एका दुपारी झोपाळ्यावर बसवून उरलेल्या दोनशे एकोणसत्तर दुपारी ओट्यापाशी उभे करणार असाल, तर तो झोपाळा कोणासाठी बांधलात? तिच्यासाठी की फोटोसाठी? डोहाळेजेवणाच्या ताटांची रास त्या संध्याकाळी कोण घासते, एवढे सांगा. त्या घराची परीक्षा आम्ही तेवढ्यावर करू.

कोणी म्हणेल, यात पुरुषाचा काय दोष, बाईच बाईला छळते. हे पुरुषांचे फार आवडते वाक्य आहे. सासू म्हणते, ‘आम्ही नाही का काढली अशी पोरं? बांधावर बाळंत झालो अन् तिसऱ्या दिवशी खुरपं घेतलं हातात!’ घेतलेत, माउली, खरे आहे. तुमच्या बरोबरीच्या किती जणी त्यात गेल्या, याची मोजदाद मात्र तुमच्या गावाने ठेवली नाही; आणि तुम्हाला तेव्हा कोणी आडवे होऊ दिले नाही, याचा राग ज्याच्यावर काढायचा होता तो माणूस तुमच्या हाती लागला नाही. तो राग आता सुनेवर निघतो आहे. पण या दोघींच्या मधोमध जो खाली मान घालून मोबाइल चाळत बसला आहे, त्याचे काय? त्याने एकदा उठून पोळपाट ओढला तर दोघींचेही भांडण मिटेल. तो उठत नाही, कारण गल्लीत त्याला बाइल्या म्हणतील. ज्याचे पुरुषपण पोळी लाटल्याने गळून पडते, त्याने बाप होण्याची घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घराघरांत आणखी दोन खोट्या समजुती ठाण मांडून बसल्या आहेत. एक म्हणजे फार खाल्ले की मूल मोठे होते आणि बाळंतपण अडते, म्हणून गरोदर बाईने हात आखडून खावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते की गर्भवतीला रोज सुमारे 350 उष्मांक जास्त लागतात, आणि आम्ही तिच्या ताटातली चतकोर काढून घेतो! त्यात चतुर्थी, सोमवार, नवरात्र, हरतालिका. हरतालिकेला तर पाण्याचा घोटही नाही. पोटातल्या जिवाला उपाशी ठेवून कोणता देव प्रसन्न होतो, हे एखाद्या शास्त्रीबुवांनी आम्हाला समजावून द्यावे. दुसरी समजूत अशी की काम केले की बाळंतपण सोपे जाते. यात थोडे तथ्य आहे आणि त्या थोड्यावरच सगळी लबाडी उभी आहे. रोज मोकळ्या हवेत चालणे, हलका व्यायाम यांनी थकवा खरेच कमी होतो, झोप चांगली लागते. पण दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन चढण चढणे म्हणजे व्यायाम नव्हे, ती हमाली आहे. व्यायाम बाई स्वतःच्या इच्छेने सुरू करते आणि दमली की थांबवते. हंडा वाटेत थांबवता येत नाही.

आता थेट बायकांशी. जे तुमच्या हातात आहे ते सोडू नका, आणि जे नाही त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. पहिल्या महिन्यांत झोप येते तेव्हा झोपा. दुपारची वीस मिनिटेही कामाची असतात. पोट रिकामे राहू देऊ नका. थोडे थोडे, पुन्हा पुन्हा खा: सकाळी उठल्याउठल्या राजगिऱ्याचा लाडू किंवा दोन घास कोरडी भाकरी, मग नाचणीची पेज, शेंगदाणे, मोडाची मटकी, पालेभाजी, चालत असेल त्या घरात अंडी आणि मासळी. बिटाचा रंग लाल असतो म्हणून त्याने रक्त वाढत नाही. बीट खा, पण गोळीच्या जागी नको. रक्तवाढीची गोळी चहाबरोबर कधीच घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. तिच्यात आणि चहात, दुधात, कॅल्शियमच्या गोळीत दोन तासांचे अंतर ठेवा आणि वर लिंबू पिळलेले पाणी प्या. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. शेवटच्या महिन्यांत डाव्या कुशीवर निजा, दोन गुडघ्यांत उशी घ्या. पाणी दिवसभर भरपूर प्या आणि झोपण्याआधीच्या तासात कमी करा, म्हणजे रात्री कमी वेळा उठावे लागेल. आणि सांगा. दमले, हे मोठ्याने, कारण न देता, माफी न मागता सांगा. ‘जरा अंग दुखतंय’ असे पुटपुटून पदर खोचून पुन्हा उभ्या राहू नका. मुंबईकरणींनो, लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात गर्भवतींना बसायची मुभा आहे. तिथे कोणी डोळे वटारले तर त्याचे डोळे, तुमचे पाय सुजलेले.

पण प्रत्येक थकवा झोपेने जाणारा नसतो. बसल्याजागी धाप लागते, छाती धडधडते, उभे राहिले की अंधारी येते, जीभ आणि नखे पांढरी पडली आहेत, तर हिमोग्लोबिन तपासा. माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात तेव्हा घरात हसू पिकते, डोहाळे लागले म्हणून. बऱ्याचदा ती लोहाच्या कमतरतेची खूण असते. हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेले तर तो तीव्र रक्तक्षय. तिथे गोळ्यांवर भिस्त ठेवायची नसते, लगेच रुग्णालय गाठायचे असते. थकव्याबरोबर थंडी सोसत नाही, केस गळतात, अंग फुगते, तर थायरॉईड बघा. तहान आणि लघवी फार वाढली तर साखर बघा. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची तपासणी झालीच पाहिजे. डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तोंडा-हातांवर सूज आली, अंगावरून रक्त गेले, बाळाची हालचाल कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा. आणि रोज सकाळी उठताच रडू येते, काहीच नको वाटते, तर तोही आजार आहे, तोंड लपवायचे कारण नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी होते. 2016 पासून ही सोय आहे. त्या दिवशी नवऱ्याने रजा काढावी आणि बरोबर जावे. लग्नाच्या वरातीला काढतोच की!

घराबाहेरचा दरोडा कायद्याच्या डोळ्यांदेखत पडतो. 28 जुलै 1928 रोजी मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतिरजेच्या विधेयकाच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा भार सरकारनेही उचलावा आणि तिच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकाची त्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात कायदा झाला, देशातला पहिला. ही मातब्बरी महाराष्ट्राची. त्यानंतर 1961 चा केंद्रीय कायदा आला, 2017 मध्ये रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली, आणि आता त्यातली कलमे सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. कागदावर सगळे छान. पण जवळ जाऊन वाचा. जड काम आणि फार वेळ उभे राहण्याचे काम गर्भवतीला देऊ नये असे कलम आहे, मात्र ते मुख्यतः शेवटच्या अडीच महिन्यांपुरते, आणि तेही तिने स्वतः मागणी केली तर! म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत, जेव्हा तिचे पाय शिशाचे झालेले असतात, तेव्हा कायदा घोरत असतो. आणि नंतरही तिने मालकापुढे उभे राहून म्हणायचे, साहेब, मला बसू द्या. जिला उद्या कामावर ठेवतील की नाही याची खात्री नाही ती हे म्हणेल? गर्भारपणातून उद्भवलेल्या आजारपणासाठी आणखी एक महिना पगारी रजेची तरतूद आहे. ही गोष्ट नोकरी करणाऱ्या किती जणींना त्यांच्या कार्यालयाने आपणहून सांगितली? दहा माणसांच्या खालची दुकाने तर या हिशेबाबाहेरच. लग्नसराईत साड्यांच्या घड्या उलगडत दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या मुली बघा. दुकानात काम करणाऱ्याला बसायला जागा मिळालीच पाहिजे असा कायदा केरळने 2018 मध्ये केला, तामिळनाडूने 2021 मध्ये केला. लक्ष्मी रोडच्या आणि दादरच्या शेठजींनो, एक स्टूल महाग पडते का?

आणि ज्यांना ना दुकान, ना कार्यालय, ना रजा, त्या बायका उसाच्या फडात आहेत. दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, अहिल्यानगर, परभणीकडून ट्रक निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल दोघांच्या नावावर, मजुरी टनावर. पहाटे तीन-चारला कोपीतून उठायचे, थंडीत भाकऱ्या बडवायच्या, दिवस उजाडताच फडात वाकायचे, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या, आणि रात्री गाडी भरायची आली की पुन्हा उठायचे. पाचवा महिना असो की आठवा. एक दिवस आडवी झाली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. या बायका पाळीचा त्रास आणि खाडा टाळायला गर्भाशय काढून घेतात, हे 2019 मध्ये सगळ्या देशाने वाचले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत बीडच्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. विधिमंडळ हळहळले, समिती बसली, महामंडळ निघाले. आणि 2025 मध्ये त्याच बीडच्या आरोग्य तपासणीचे आकडे बाहेर आले तेव्हा दीड हजारांवर गर्भवती बायका फडात ऊस तोडताना आढळल्या. त्यांनी थकव्याला कसे तोंड द्यावे, सांगा! कोणते आसन करावे? डाव्या कुशीवर निजायला त्यांच्या कोपीत कुशीपुरती तरी सपाट जमीन आहे का? महाराष्ट्राच्या चहात पडणारी साखर यांच्या न घेतलेल्या विसाव्यातून निघते, आणि ती साखर टाकून आपण सहकाराच्या गौरवाची भाषणे ऐकतो.

विसावा फुकट नसतो. गरिबाच्या घरात बाईने काम थांबवले तर चूल थांबते. म्हणून 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी नोकरीत नसलेल्या प्रत्येक गर्भवतीला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. प्रत्येक, हा शब्द संसदेने लिहिला आहे. पंतप्रधान मातृवंदना योजनेने त्याचे काय केले? पहिल्या मुलासाठी पाच हजार, आणि 2022 पासून दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच सहा हजार. दुसऱ्यांदा मुलगा झाला तर आईचा थकवा सरकारला मान्य नाही! त्या पाच हजारांना नऊ महिन्यांच्या 270 दिवसांनी भागा: दिवसाला साडेअठरा रुपये. तेही आधार, बँक खाते, नवऱ्याची कागदपत्रे अशा फेऱ्यांनंतर. तामिळनाडूत मुथुलक्ष्मी रेड्डी योजनेत पोषणाच्या संचांसह 18 हजार दिले जातात. महाराष्ट्र स्वतःला देशाचे इंजिन म्हणवतो. मग गरोदर बाईच्या बाबतीत शेवटच्या डब्यात का बसतो? आदिवासी भागात 2015 पासून अमृत आहार योजनेत गर्भवतीला अंगणवाडीत रोज एक चौरस जेवण मिळते. योजना चांगली आहे. तीच ऊसतोडीच्या तळांवर, वीटभट्ट्यांवर, मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर का नेली नाही? तिथली भूक वेगळ्या जातीची आहे?

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. अन्नसुरक्षा कायद्याचे पैसे प्रत्येक गर्भवतीला, प्रत्येक वेळी, आणि आजच्या महागाईच्या हिशेबाने द्या. हलक्या कामाचे कलम बाईने मागण्याची वाट न पाहता गरोदरपणाची नोंद झाल्या दिवसापासून लागू करा. उभ्याने काम करवणाऱ्या प्रत्येक दुकानात आसन सक्तीचे करा. घरातल्या दोन तासांसाठी कायदा करता येणार नाही. तिथे आशाताईने कार्ड वाचून दाखवताना नवऱ्याला समोर बसवावे आणि त्या दोन तासांत घरातले कोणते काम कोण करणार हे त्याच्या तोंडून वदवून घ्यावे, एवढे आरोग्य खात्याने तिला सांगावे. त्या जादा कामाचा मोबदला आशाताईलाही मिळावा, हे वेगळे सांगायला नको.

फडाचे मात्र उद्यावर टाकता येणार नाही. उचलीचे वाटप पावसाळ्यातच सुरू होते आणि बाईचा हंगाम तिथेच विकला जातो. तेव्हा करार त्याच वेळी बदलला पाहिजे: गर्भवतीच्या विसाव्याचा दिवस खाडा धरायचा नाही, सहाव्या महिन्यानंतर मोळी तिच्या डोक्यावर द्यायची नाही, आणि तिच्या बुडालेल्या मजुरीचा भार मुकादमाने नव्हे, कारखान्याने उचलायचा. पुण्याच्या साखर आयुक्तालयातून गाळप परवाना घेताना कारखाने ऊस किती, गाळप किती, देणी किती हे भरून देतात. त्याच अर्जात फडावर गर्भवती किती, त्यांची तपासणी झाली का, खाडे माफ केले का, हा रकाना घालायला आयुक्तांना एक परिपत्रक पुरेल. ज्याचा रकाना कोरा असेल त्या कारखान्याचा अर्ज परत पाठवावा. मग चेअरमन कोणत्या पक्षाचे आहेत ते पाहू नये, आणि बॉयलर अग्निप्रदीपनाला मंत्र्यांनी दिलेली तारीख टळली तरी टळू द्यावी.